बॅटरीचे पाणी

आमच्या घरात महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला दोन कामे ठरलेली असत. अम्मी आम्हा पोरांची नखे तपासायची आणि अब्बा अंगणातल्या गाडीचे बॉनेट उघडून बॅटरीचे पाणी पाहायचे. नमाजला निघण्याआधी दोन्ही कामे झालीच पाहिजेत. नखे वाढलेली सापडली तर अम्मी रागवायची, पाणी कमी सापडले तर अब्बा. अम्मीचा राग दुपारच्या जेवणापर्यंत उतरायचा. अब्बांचा मात्र पुढच्या जुम्म्यापर्यंत पुरायचा.

आम्ही चार भावंडे. तीन भाऊ, एक बहीण. गाडी चौघांची आहे, म्हणून हे चार शब्दही चौघांच्या वतीनेच लिहितो आहोत. एकाने लिहून दुसऱ्याने खोडले, तिसऱ्याने भर घातली, बहिणीने चुका काढल्या. त्यातून जे उरले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६४ सालची. हिंगोलीत त्या काळी जीपगाड्या होत्या, अॅम्बेसेडर होत्या, फियाटही दोन-चार होत्या. हेराल्ड मात्र आमच्या पाहण्यात एकच. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी १९६१ पासून ही गाडी बनवत होती. मूळची विलायतेतली ट्रायम्फ हेराल्ड, तिची आकृती जोव्हानी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने काढलेली. पुढे हीच चॅसिस आखूड करून त्यावर ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे जगभर शौकीन लोक जिच्यासाठी जीव टाकतात त्या स्पिटफायरची आमची हेराल्ड थोरली बहीण. हे नाते आम्हाला फार उशिरा कळले. लहानपणी एवढेच माहीत होते की हिला दोनच दरवाजे आहेत, आणि बॉनेट उघडायचे म्हणजे मडगार्डांसकट सगळे तोंडच पुढच्या बाजूला कलते. दसऱ्याच्या प्रदर्शनाला बाहेरगावचे लोक आले की विचारायचे, "रेसची गाडी आहे का हो?" अब्बा हसून म्हणायचे, "रेस करनेवाली गाडी है, करनेवाला नै है."

अब्बा पूर्णा प्रकल्पाच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कामावर त्यांचे हात तयार झाले. पुढे त्यांनी अकोला रस्त्यावर स्वतःचे छोटे गॅरेज टाकले. १९७९ साली एक डॉक्टर हिंगोली सोडून हैदराबादेला कायमचे निघाले. गाडी नेणे त्यांना परवडत नव्हते, विकायला गिऱ्हाईक मिळत नव्हते. अब्बांनी हप्त्यांनी घेतली. शेवटचा हप्ता पोचला त्या दिवशी डॉक्टरसाहेबांचे पत्र आले. त्यात बाकी काही नव्हते, गाडीची बॅटरी कशी सांभाळायची एवढेच होते. अब्बा म्हणाले, "देखो, बेचनेके बादबी फिकर है. अमानत ऐसीच संभालते."

आमच्या गाडीची एक खोड होती. बहुतेक गाड्यांत बॅटरीचे मायनसचे टोक बॉडीला जोडलेले असते. आमच्या गाडीत प्लस बॉडीला. जुन्या विलायती घडणीच्या गाड्यांत तशी पद्धत होती. अब्बांनी ती बदलली नाही. नियमही त्यांनी पाठ करून घेतला होता: बॉडीला जोडलेली तार आधी सोडायची आणि शेवटी लावायची. इतर गाड्यांत आधी मायनस सुटतो, आमच्यात आधी प्लस. कारण साधे आहे. दुसरी तार सोडताना पाना चुकून बॉडीला लागला आणि अर्थची तार जोडलेलीच असली तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. पाना जागीच चिकटतो आणि हात भाजतो.

बॅटरीचे सगळे शास्त्र मात्र अब्बांचे नव्हते. ते आमच्या गल्लीतल्या चाचांचे. आमची गल्ली रिसाला बाजारात. हिंगोलीला फौजेची छावणी होती, तिची आठवण रिसाला आणि पलटण अशा नावांत उरली आहे. चाचा स्वतःला थट्टेने रिसाल्याचा शेवटचा सवार म्हणवून घ्यायचे. त्यांचे नात्यातले कोणी लागत नव्हतो आम्ही, पण घरात त्यांना चाचाच म्हणत. पत्र्याच्या छपरीत लाकडी फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग, वर बल्बांची माळ लावलेला चार्जर, कोपऱ्यात काचेच्या बरणीत तेजाब आणि मागच्या अंगणात भट्टी. असे त्यांचे दुकान. त्यांच्या सदऱ्याला तेजाबाने पडलेली इतकी भोके असायची की अम्मी म्हणायची, यांचा सदरा चाळणीला लाजवतो.

आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटणार नाही, पण तेव्हा बॅटरी फेकून देत नसत, दुरुस्त करत. काळ्या कडक रबराचा डबा, वरून डांबर ओतून बंद केलेला. चाचा डांबर तापवून उपसायचे. आत सहा खण, म्हणजे सहा सेल. प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा, सहांचे मिळून बारा. कोणता सेल मेला ते हायड्रोमीटरने शोधायचे, त्यातल्या प्लेटा उचलून बाहेर काढायच्या, दुसऱ्या घालायच्या, मधले पडदे बदलायचे, शिशाच्या पट्ट्या पुन्हा जोडायच्या आणि वरून नवे डांबर. नव्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्यात काम व्हायचे. वर्ष-दीड वर्ष पुन्हा चिंता नाही.

शिशाच्या प्लेटा आणि तेजाब यांचा हा मेळ १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने घालून दाखवला. चाचांना हे नाव ठाऊक नव्हते. पण प्लांतेला जे ठाऊक होते त्यातले बरेच त्यांना ठाऊक होते. आम्हाला समोर बसवून ते सांगायचे, "तेजाब में पानी नै डालते, पानी में तेजाब डालते. उल्टा करे तो आँखाँ जाते." दुसरे सांगायचे, बॅटरीत तेजाब एकदाच पडते, नंतर फक्त पाणी. उडते ते पाणी, तेजाब आतच राहते. आणि पाणीसुद्धा डिस्टिल. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड. ज्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो ते प्लेटांना काय सोडणार? पाणी प्लेटांच्या वर बोटभर, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर. त्याहून कमी झाले तर प्लेट उघडी पडते आणि उघडी पडलेली प्लेट पुन्हा जिवंत होत नाही. जास्त झाले तर चार्जिंग होताना उतू जाते आणि खालचा पत्रा खाते.

हायड्रोमीटर चाचांचा जीव की प्राण. काचेची नळी, आत तरंगणारा काटा. भरलेल्या बॅटरीत काटा साडेबाराशेच्या वर तरंगायचा, अर्धी उतरली की बाराशेवर यायचा, अकराशे-वीसला आला की बॅटरी बसली असे समजायचे. सहाही सेल सारखे दाखवत असतील तर बॅटरी तंदुरुस्त. पाच ठीक आणि एक खाली गेलेला असेल तर तो एकच बाकीच्यांना घेऊन बुडणार. "घर में बी ऐसाच रहता," असे म्हणून ते आम्हा भावंडांकडे पाहायचे.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली ती १९८६ सालची. अब्बा जिंतूरला गेले होते. चाचांकडून बॅटरी भरून आली होती. आम्ही तिघा भावांनी ठरवले, आपणच बसवू. गॅरेजात येणाऱ्या ट्रॅक्टर-जीपचे पाहून डोक्यात पक्के बसले होते की मायनस बॉडीला. तसा लावला. सेल्फ मारला, इंजिन सुरूसुद्धा झाले. आम्ही शाबासकीच्या आशेने एकमेकांकडे पाहत होतो तोच डॅशबोर्डमधून धूर निघाला. अब्बांचा रेडिओ जळाला. परभणी आकाशवाणीवरच्या बातम्या ते गाडीत बसून ऐकायचे, घरात कधी नाही. कट-आऊटची टोकेही जळून काळी पडली होती.

संध्याकाळी अब्बा आले. आम्ही तिघे भिंतीला लागून उभे. त्यांनी जळका वास घेतला, टर्मिनल पाहिले आणि एकच विचारले, "डॉक्टरसाहब की चिट्ठी पढे थे क्या?" पत्र गाडीच्या कप्प्यातच होते. आम्ही कोणीही ते वाचलेले नव्हते. नंतर चाचा आले. कट-आऊट बदलले, बॅटरी सुलट बसवली. मग डायनामोच्या तारा सोडून, त्याच्या बारक्या टोकाला बॅटरीची जिवंत तार क्षणभर टेकवली. ठिणगी उडाली. "अब इसको याद आ गया इसका किब्ला किधर है," ते म्हणाले. डायनामोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते, त्याची दिशा चुकली तर तो उलटे चार्जिंग करतो, ही गोष्ट आम्ही पुढे पुस्तकात वाचली. पण पुस्तकातले वाक्य आठवत नाही, चाचांचे आठवते.

ती बॅटरी फक्त गाडीची नव्हती. लाईट गेली की ती गल्लीची व्हायची. रमजानमध्ये फ्यूज उडाला की मशिदीच्या लाऊडस्पीकरला जायची. शेजारच्या गणपती मंडळाने दोनदा नेली होती. १९९० साली दूरदर्शनवर टिपू सुलतानची मालिका सुरू झाली आणि आमच्या अंगणात बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही बॅटरीला जोडून ठेवला जाऊ लागला. साठ-सत्तर माणसे जमायची. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलावी लागायची, पण ढकलायलाही तीच माणसे असायची. तीन वर्षे चालायची ती बॅटरी वर्षात संपली. चाचांनी प्लेट काढून दाखवली. गाडीच्या बॅटरीची प्लेट पातळ असते. तिचे काम क्षणभर जोर लावून इंजिन फिरवण्याचे. तासन्‌तास थोडा थोडा करंट देत पार तळाला जाणे तिच्या घडणीत नाही. त्या कामाला जाड प्लेटांची वेगळी बॅटरी लागते. आज इन्व्हर्टरला जी असते ती. अब्बांनी ऐकून घेतले. टीव्ही मात्र बंद केला नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना हात थांबतो.

१९९३ च्या सुमारास चाचांच्या पोटात कळा येऊ लागल्या. आधी हवापाण्याचे निमित्त झाले, मग पोटाची औषधे झाली. माणूस पांढरा पडत चालला. पुढे उजवे मनगट उचलेना. पाना धरला की हात मनगटातून खाली लोंबायचा. अब्बांनी त्यांना नांदेडला नेले. तिथल्या डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "शिशाचे काम करता का?"

आम्ही सारे आयुष्यभर तेजाबाला घाबरलो. चाचांनी आम्हाला तेजाबापासून डोळे वाचवायला शिकवले, बॅटरीजवळ बिडी ओढू नका, निघणारा वायू पेट घेतो, हे शिकवले. शिशाबद्दल कोणी कोणाला काही शिकवले नव्हते. तेजाब अंगावर पडले की लगेच कळते. शिसे कळत नाही. भट्टीच्या धुरातून, प्लेटांच्या भुकटीतून, न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या भाकरीतून ते शरीरात जाते आणि हाडांत घर करते. चाचा ते काम सोडू शकले नाहीत. सोडून करणार काय? १९९६ साली ते अल्लाहला प्यारे झाले. चाची त्यांचे कपडे वर्षानुवर्षे हाताने धूत होती. त्यांची मुले त्या अंगणात रांगली होती. आणि आम्ही नव्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले म्हणून खूश होतो. त्या स्वस्ताईची उरलेली किंमत कोणी भरली, हे आम्ही तेव्हा स्वतःला विचारले नाही.

अब्बा २००९ साली गेले. तोवर आमच्यातला थोरला हिंगोलीत, मधला पुण्यात, धाकटा रियाधला, बहीण वसमतला सासरी आणि तिथेच शिक्षिका. गाडी अंगणात उभी. ती विकायची नाही एवढ्यावर चौघांचे एकमत. बाकी कशावरच नाही. दर तीन-चार वर्षांनी कोणी ईदला आला की नवी बॅटरी घ्यायचा, गाडी कळमनुरीपर्यंत फिरवून आणायचा आणि परत जायचा. पुढच्या ईदला बॅटरी मेलेली. मग फोनवर वाद. कंपनी खराब, दुकानदाराने जुना माल दिला, थोरल्याने लक्ष दिले नाही. अशा चार बॅटऱ्या गेल्या.

चाचांचे एक वाक्य आम्ही विसरलो होतो. "बॅटरी काम से नै मरती बेटा, बैठके मरती." गाडीत काहीही चालू नसले तरी बॅटरी आतल्या आत उतरत राहते आणि उकाडा जितका जास्त तितकी लवकर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा क्षार धरतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. महिने गेले की खडा होतो, मग कोणताही चार्जर त्याला फोडू शकत नाही. म्हणजे त्या चारही बॅटऱ्या कंपनीने मारल्या नव्हत्या. आम्ही त्यांना एकटे ठेवून मारले होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले. तिने एकच मागितले. रुखसती नानांच्या गाडीत. मग आम्ही चौघे पहिल्यांदा नीट बसलो आणि बॅटरी निवडायची म्हणजे काय पाहायचे ते कागदावर लिहून काढले. वाचकांपैकी कोणाच्या अंगणात अशी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

मधल्याचे म्हणणे होते की सर्वांत मोठी घ्यावी. चाचा असते तर म्हणाले असते, बडी बॅटरी लाने से गाडी बडी नै होती. ९४८ सीसीचे इंजिन, त्याला पस्तीस-चाळीस अॅम्पिअर-अवरची बॅटरी पुरते. आमचा डायनामो जोरात असताना फार तर बावीस अॅम्पिअर देतो आणि गाडी उभी राहून नुसती धुगधुगत असेल तेव्हा जवळपास काहीच देत नाही. रात्री हेडलाईटच सात-आठ अॅम्पिअर खातात. मोठी बॅटरी उतरली तर हा डायनामो तिला भरून काढायला फार वेळ घेईल. थंड मुलुखातले लोक बॅटरी घेताना कडाक्याच्या थंडीत ती किती करंट देते ते आधी पाहतात. आमच्याकडे प्रश्न थंडीचा नाही, उकाड्याचा.

दुसरी गोष्ट मापाची. बॅटरी ट्रेमध्ये बसली पाहिजे, वरची पट्टी तिला घट्ट आवळणारी पाहिजे. हलणारी बॅटरी आपल्या रस्त्यांवर प्लेटा झाडून टाकते. आणि प्लसचे टोक कोणत्या हाताला आहे ते पाहायचे. प्लस बॉडीला असलेल्या गाडीत चुकीच्या हाताची बॅटरी आणली तर तारा पोचत नाहीत, आणि ओढून पोचवल्या तर झाकणाला घासतात.

तिसरा वाद बंद बॅटरी की बुचांची. धाकट्याने रियाधहून सांगितले, बंद घ्या, पाणी पाहायची कटकट नाही. पण आमचे कट-आऊट जुने, त्याचे व्होल्टेज कधी वर तर कधी खाली. व्होल्टेज चढले तर बंद बॅटरीतले पाणी उडते आणि ते परत घालायला वाट नसते. बुचांच्या बॅटरीत निदान दिसते आणि भरता येते. बुचांची ठरली. दुकानात तिच्यावरचा बनवल्याचा महिना पाहिला, कारण बॅटरी दुकानाच्या फळीवरही म्हातारी होते. मीटर लावून पाहिला, साडेबाराच्या वर होता. बारा पूर्णांक चारच्या खाली असती तर घेतली नसती.

मग आला तो प्रश्न ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. जुन्या बॅटरीचे काय?

चाचांचा नातू आता ते अंगण सांभाळतो. दुरुस्तीचे काम कधीच संपले, आता फक्त जुन्या बॅटऱ्या घ्यायच्या, फोडायच्या, शिसे वितळवायचे. तो आम्हाला दुकानदारापेक्षा पाचशे रुपये जास्त देत होता. मधला म्हणाला, गल्लीचा पोरगा आहे, पैसे सोडा, त्यालाच देऊ, चाचांचे आपल्यावर देणे आहे. बहीण म्हणाली, चाचांचे देणे आहे म्हणूनच त्याला द्यायची नाही.

तिने वाचलेले होते. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने मिळून अहवाल काढला, त्यात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतके शिसे असल्याचा अंदाज दिला होता. त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतातली. कारणे अनेक, पण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे-वितळवणे हे त्यांतले मोठे. आपल्याकडे जुनी बॅटरी दुकानदाराने परत घेऊन नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवावी असा नियम २००१ सालीच झाला, २०२२ मध्ये त्याजागी नवे नियम आले. नियमांना बावीस वर्षे झाली होती आणि भट्टी आमच्या घरापासून चाळीस पावलांवर होती.

आम्ही बॅटरी दुकानदाराला दिली, पावती घेतली. नातवाने पाहिले. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "दादाजान थे तो तुम लोगां उनकेच पास आते थे ना?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. खरेच होते ते. जोवर आम्हाला स्वस्त हवे होते तोवर आम्ही त्याच अंगणात जात होतो. आता चार पैसे आल्यावर आम्ही पावती मागू लागलो.

लग्न झाले. रुखसती त्याच गाडीत झाली, वसमतच्या रस्त्यांवर, प्लसची तार बॉडीला जोडलेली. दोन दिवसांनी बहीण नातवाच्या घरी गेली. त्याचा धाकटा मुलगा पाच वर्षांचा, अंगाने बारीक, नेहमी पोट दुखते म्हणून रडणारा. तिने त्याच्या आईला समजावले आणि मुलाचे रक्त तपासायला पाठवले. जागतिक आरोग्य संघटना दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम आढळले की कारण शोधून दूर करा असे सांगते. त्या मुलाचे १९ आले. कमीतली कोणतीही मात्रा निर्धोक नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले.

भट्टी बंद झाली असे आम्ही म्हणणार नाही. अंगणातून हलली, एवढे खरे. गावाबाहेर कुठे तरी गेली. तिथेही कोणाचे शेत असेल, कोणाची मुले असतील. नातू आता काही बॅटऱ्या न फोडता अख्ख्याच व्यापाऱ्याला देतो, काही अजून वितळवतो. घरी येण्याआधी कपडे बदलतो. अंगणातली वरची माती त्याने खरवडून काढली. सहा महिन्यांनी मुलाची तपासणी केली तेव्हा १२ आले. आम्ही आनंद मानावा की नाही हे आम्हाला कळत नाही.

गाडी आता दर पंधरवड्याला एकदा निघते, किमान पाऊण तास चालते, औंढ्याच्या रस्त्याने जाऊन येते. पाच मिनिटे सुरू करून बंद करण्यात उलट नुकसान, सेल्फने खाल्लेलेही भरून निघत नाही. थोरल्याला बाहेरगावी जायचे असेल तेव्हा अर्थची तार सोडून ठेवतो. उन्हाळ्यात महिन्याला एकदा छोटा चार्जर लावतो, बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच करंट, म्हणजे साडेतीन अॅम्पिअर. टर्मिनलवर पांढरे-हिरवे आले की बुचे घट्ट लावून सोड्याच्या पाण्याने धुतो, कोरडे करतो, क्लॅम्प आवळून वरून व्हॅसलीन लावतो.

आणि महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला पाणी पाहतो. चाचांचा हायड्रोमीटर चाचीने जाण्याआधी आम्हाला दिला होता. तोच वापरतो. वापरून झाला की धुतो आणि मग साबणाने हात धुतो, दोनदा. नातवाचा मुलगा कधी कधी पाहायला येतो. त्याला कुंपणाच्या पलीकडेच उभे करतो. तो विचारतो, काटा किती आला? सांगतो, साडेबाराशे. सहाही सेलांचे आकडे वहीत लिहितो आणि पुण्याला, रियाधला, वसमतला पाठवतो. रियाधहून उत्तर येते, तिसरा थोडा खाली दिसतो, लक्ष ठेवा.

ठेवतो आहोत.